साठ लिटरला सहा झाकणं

माशांच्या दुकानात पाणीबाई अर्धा तास उभी होती आणि तिच्या हातात अजून एकही बाटली नव्हती. पाणीबाई हे नाव तिला जलशुद्धीकरण केंद्रातल्या लोकांनी दिलं होतं. तिथल्या प्रयोगशाळेत ती अठरा वर्षं पाणी तपासत होती. अख्खं शहर तिच्या सहीवर डोळे मिटून पाणी प्यायचं, आणि ही बाई दोन माशांच्या पाण्यात काय घालावं या प्रश्नावर घाम पुसत होती.

मासे तिचे नव्हते, तिच्या वडिलांचे होते. दोन महिन्यांपूर्वी अप्पा त्यांच्या घरी न्हाणीघरात पडले आणि दीड दिवस तिथेच पडून राहिले. एकटा माणूस, हाक ऐकणार कोण? फोन उचलत नाहीत म्हणून ती धावत गेली, शेजाऱ्यांकडून दार फोडून घेतलं, आणि आत जे दिसलं ते अजून तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. हाड जुळल्यावर तिनं त्यांना आपल्या घरी आणलं. सोबत झाकणाच्या बादलीत, त्यांच्याच जुन्या पाण्यात, दोन सोनेरी मासे.

पण म्हातारा हट्टाला पेटलेला. आल्या दिवशीच त्यांनी जाहीर केलं, "या गावचं पाणी मला मानवायचं नाही. हे मासे जगले तर राहीन. मेले तर माझा मी परत जाईन."

म्हणजे मासे मेले की अप्पा पुन्हा त्या घरात, एकटे. गेले तीन दिवस तिला घास गिळवत नव्हता तो याच भीतीनं. वर तिनं स्वतःच तोंडाची वाफ दवडलेली. बापासमोर आपल्या नोकरीचं कौतुक जरा जास्तच होतं माणसाच्या हातून. "अप्पा, आमचं पाणी म्हणजे अमृत! नळाला तोंड लावून प्या. काही म्हणजे काही नसतं त्यात!"

नसतं कसं? गेल्याच महिन्यापासून केंद्रात क्लोरीनच्या जोडीला अमोनिया घालायला सुरुवात झाली होती, पाणी लांबच्या नळापर्यंत निर्धोक पोचावं म्हणून. त्या कागदावर सही हिचीच. माणसाला त्यानं काही होत नाही. माशाचे कल्ले मात्र होरपळतात.

"बाई, निळी बाटली न्या," दुकानदारीण तिसऱ्यांदा म्हणाली. "सगळे निळीच नेतात."

"निळी नुसता क्लोरीन मारते हो. मग मागे अमोनिया उरतो, त्याचं काय?"

"नळाच्या पाण्यात अमोनिया कुठून येईल?"

"आम्हीच घालतो."

दुकानदारीण तिच्याकडे बघतच राहिली. एवढे दिवस गिऱ्हाइकांचे मासे का दगावत होते, ते बहुधा तिला आत्ता कळलं असावं. तिनं मागच्या फळीवरून धूळ बसलेली एक तपकिरी बाटली काढून पुसली. "ही दोन्ही धरते. पण हात आखडता घ्या. जास्त झाली तर पाण्यातली हवा ओढून घेते, मासे गुदमरतात."

कमी पडली तरी मरण, जास्त झाली तरी मरण. पाणीबाईनं बाटली हातात घेतली, परत ठेवली, परत घेतली. दहा लिटरला एक झाकण, असं वर लिहिलं होतं. माशांसाठी घरी आणून ठेवलेली नवी काचेची टाकी साठ लिटरची, म्हणजे सहा. सोपा हिशोब, पण तिनं तो चारदा केला. तेवढ्यात फोन वाजला.

"अगं, सोडले बघ मासे," अप्पा म्हणाले. आवाजात आनंद होता.

"कशात?"

"कशात म्हणजे? टाकीत. नळाला नळी लावली, भरली, सोडले. तूच म्हणालीस ना, काही नसतं त्यात."

तिच्या तोंडचं पाणी पळालं. "बाहेर काढा! त्या जुन्या पाण्यात ठेवा, आत्ता!"

"ते तर मी ओतून टाकलं. वास यायला लागला होता."

बाटली घेऊन ती धावत सुटली. पैसे द्यायचे राहिले हे तिच्या गावीही नव्हतं, आणि दुकानदारिणीनंही हाक मारली नाही. दोन गल्ल्या, मग तीन जिने. डोळ्यांसमोर मासे नव्हतेच. न्हाणीघराची ओली फरशी होती, आणि तिच्यावर पडलेला एक हात.

दार उघडंच होतं. अप्पा टाकीसमोर खुर्चीत काठी धरून बसलेले. दोन्ही मासे वर येऊन तोंडं उघडत होते, मिटत होते. एक तर एका कुशीवर कलंडायला लागला होता.

"काय झालं गं यांना?" अप्पांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

तिनं बाटली उघडली. झाकण भरलं, ओतलं. पुन्हा भरलं. प्रयोगशाळेत थेंबसुद्धा इकडचा तिकडे होऊ न देणारी बाई, पण आता अर्धं झाकण बोटांवरूनच ओघळलं. ते पुन्हा भरताना मोजणी चुकली. चार की पाच? तिचा हात हवेतच थांबला.

"चार," अप्पा म्हणाले. "सांडलेलं धरलं नाही. मी मोजतोय. घाल तू."

पाच. सहा. मग ती तांब्यानं पाणी उचलून उंचावरून टाकीत सोडू लागली, हवा मिसळावी म्हणून. उचल, सोड. उचल, सोड. मासे अजून वरच. कलंडलेला सरळ व्हायचं नाव घेईना.

"मेले ना," अप्पा हळूच म्हणाले, "तरी मला परत पाठवू नकोस."

तिनं वळून पाहिलं. "अहो, तुम्हीच तर म्हणाला होता..."

"म्हणालो होतो. उद्या तूच म्हणाली असतीस, अप्पा, आता बरे झालात, जा. ते ऐकायची भीती वाटली, म्हणून आपणच आधी म्हणून टाकलं. माशांच्या नावावर." त्यांनी काठी दोन्ही हातांनी धरली. "हाका मारून मारून घसा बसला होता माझा. शेवटी नुसतंच तुझं नाव घेत होतो, मनात. मला नाही गं त्या घरात एकट्यानं आतून कडी लावायची आता."

तिला रडू फुटलं. बापाला मिठी मारावी असं फार वाटलं, पण तांब्या थांबवायची सोय नव्हती. म्हणून ती रडत रडत पाणी ओततच राहिली, आणि ओतता ओतताच ओरडली, "तुम्हाला कोण पाठवतंय?"