उधाणाची वेळ

गुल्वेनने दुर्बिणीची काच स्वेटरच्या बाहीला पुसली आणि पुन्हा डोळ्यांना लावली. पांढरी गाडी तिथेच होती, बेटाला किनाऱ्याशी जोडणाऱ्या दगडी वाटेच्या बरोबर मध्यावर, जिथे वाट खोलगट होते आणि पाणी सगळ्यात आधी पोचतं. भर दुपारी गाडीचे दिवे लागलेले होते. दोन्ही बाजूंनी समुद्र येत होता. लाटा नाहीत, आवाज नाही. फरशीवर दूध सांडावं तसा तो गपचूप पसरत होता.

गाडीचं दार उघडलं. एनोरा उतरली तेव्हा पाणी तिच्या पोटऱ्यांपर्यंत होतं. मागचं दार उघडून तिने लेनाइगला बाहेर ओढलं, मग पुन्हा आत वाकली. काहीतरी शोधत होती.

"सोड ते," गुल्वेन पुटपुटला. "गाडी सोड. पोरीला घे आणि वर चढ."

वाटेच्या कडेने अंतराअंतरावर उंच खांब आहेत. प्रत्येकाला शिडी, आणि वर चार माणसं मावतील एवढं लाकडी मचाण. दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी पाहुणे त्यावर बसून आपली गाडी बुडताना बघतात, आणि बेटावरची माणसं बारच्या खिडकीतून त्यांना बघतात. त्यात सगळ्यांची थोडी करमणूक होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण बेटावर जन्मलेलं माणूस त्या मचाणावर चढल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. एनोरा बेटावर जन्मली होती. ती गुल्वेनची मुलगी होती.

बारवाली सोआझिग एप्रन न काढताच धक्क्यापर्यंत धावत आली. तिचं आणि गुल्वेनचं वय एकच, शाळाही एकच.

"मी फोन केलाय," ती धापा टाकत म्हणाली. "पलीकडून बोट सोडतायत. पण रविवार आहे, सगळे जेवणावर बसलेले. माणसं गोळा व्हायला वेळ लागेल. कोण आहेत? पॅरिसचे शहाणे?"

"एनोरा आहे."

सोआझिगने दुर्बीण त्याच्या हातातून काढून घेतली. तिने ती डोळ्यांना लावली.

"पोरगीपण आहे?"

"हो."

"चढतायत. पोरगी पुढे आहे." तिने दुर्बीण खाली केली. "गुल्वेन, तू तिला कितीची वेळ दिली होतीस?"

"दोनची," गुल्वेन म्हणाला.

तो इतक्या पटकन म्हणाला की त्याचा त्यालाच संशय आला.

दोन बरोबर होतं. दोनच्या आत वाट सोडायची, त्यानंतर ती समुद्राची. एनोरा अडीचच्या सुमाराला वाटेवर उतरली असणार. म्हणजे तिच्या हिशेबाने तिच्याकडे अजून अर्धा तास होता. म्हणजे तिच्या डोक्यात तीन होते. आणि हे तीन तिच्या डोक्यात कुणी घातले, या एका गोष्टीशी येऊन गुल्वेनचं डोकं थांबत होतं.

आदल्या रात्री, दरवर्षी उन्हाळ्याआधी जातात तशी, देशभरातली घड्याळं एक तास पुढे गेली होती. सरकारने हा खेळ सुरू केल्यापासून बेटावरच्या म्हाताऱ्यांनी तो कधी मनावर घेतला नव्हता. पाणी चंद्राच्या मागे जातं, सरकारच्या नाही. भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रक जुन्या वेळेतच असायचं, आणि या रविवारपासून पानगळीपर्यंत जो तो मनातल्या मनात एक तास मिळवायचा. हाताला लागलेली सवय, शर्टाची बटणं लावावीत तशी. यंदा मात्र नव्या छापखान्याने तो तास आधीच मिळवून दिला होता. सोआझिगने ती पत्रकं वाटताना प्रत्येकाला बजावलं होतं की यंदा बाबांनो, काही मिळवू नका. गुल्वेननेही मान डोलावली होती.

पत्रकात दोन होते. तो दोन म्हणाला होता, की सवयीने तीन?

प्रश्न एवढाच नव्हता. हिवाळ्यात त्याच्याकडून दोनदा गॅस चालू राहिला होता. तेव्हापासून एनोरा त्याच्या मागे लागली होती. रेन शहरातल्या तिच्या घरात मागची खोली रिकामी होती. त्याने बेट सोडून तिथे राहायला यावं, असं तिचं म्हणणं. आज ती शेवटचं विचारायला येत होती. त्याचं उत्तरही तयार होतं. गॅस विसरतो, चष्मा विसरतो, मान्य आहे. पण अख्खं बेट पलीकडे जायच्या आधी मला येऊन पाण्याची वेळ विचारतं. पोस्टमन विचारतो, डॉक्टरीणबाई विचारते. असल्या माणसाला तुम्ही शहरातल्या मागच्या खोलीत नेऊन ठेवणार? हे वाक्य त्याने सकाळी दाढी करताना आरशाला म्हणूनही दाखवलं होतं.

काल संध्याकाळचा फोन त्याला पहिल्या शब्दापासून आठवत होता. फोन लेनाइगने घेतला होता. तिला शाळेत चंद्र शिकवत होते. कुठलासा मोठा ग्रह पृथ्वीवर आदळला, तुकडे उडाले, आणि त्या तुकड्यांचा चंद्र झाला, हे तिने त्याला एका दमात ऐकवलं होतं.

"असेल," तो म्हणाला होता. "मी तेव्हा नव्हतो."

"आजोबा, पण आज पौर्णिमा आहे ना? मग सूर्य एकीकडे, चंद्र दुसरीकडे, आपण मधे. मग आपली सावली चंद्रावर का नाही पडत? दर पौर्णिमेला ग्रहण का नाही?"

या प्रश्नाने तो इतका खूश झाला की फोन कानाशी धरून स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालू लागला. चंद्राची वाट थोडी तिरकी आहे, त्याने समजावलं. एका ताटात दुसरं ताट जरा कलतं ठेव. चंद्र बहुतेक वेळा सावलीच्या वरून जातो, नाहीतर खालून. बरोबर सावलीत क्वचितच सापडतो. पण पाण्याला तेवढी नेमकी रेघ लागत नाही. साधारण एका ओळीत आले की पुरे, दोघं मिळून ओढतात आणि उधाण येतं. चंद्र अर्धा असतो तेव्हा दोघं दोन दिशांना ओढतात, आणि भांगाचं पाणी असतं, आळशी. उद्या बघ, समुद्र इतका मागे जाईल की मी तुला असे खडक दाखवीन जे तुझ्या आईनेही चारदाच पाहिलेत.

हे सगळं त्याला आठवत होतं. लेनाइग कुठे हसली, कुठे "थांबा, ताट आणते" म्हणाली, तेसुद्धा. मग एनोराने फोन घेतला आणि विचारलं, "बाबा, उद्या वाट कितीपर्यंत आहे?" आणि त्याने सांगितलं. किती सांगितलं, तेवढ्या जागी काही नव्हतं. पुसट नव्हतं, अंधुक नव्हतं, नव्हतंच.

"बस जरा," सोआझिग म्हणाली.

तो बसला नाही. त्याची छोटी होडी धक्क्याच्या वरच्या अंगाला रेतीत उपडी होती, हिवाळ्यात ठेवली होती तशी. त्याने ती उलटवली. कशी उलटवली, त्यालाच ठाऊक. मग दोरी खांद्यावर घेऊन तो पाण्याकडे ओढू लागला. होडी हातभर सरकली आणि रुतली. त्याने पुन्हा ओढलं. गुडघा दुमडला आणि तो रेतीत बसकन बसला.

"आणि पाण्यात घालून काय करणार आहेस?" सोआझिग म्हणाली. "या ओढीत वल्ही मारणार? मग बोटवाल्यांनी आधी कुणाला उचलायचं?"

"सोआझिग."

"काय?"

"तू पत्रकं दिलीस तेव्हा मी तिथे होतो ना?"

तिने त्याच्याकडे बघितलं. मग खाली बसून त्याच्या खांद्यावरची दोरी काढली.

"होतास," ती म्हणाली. "सगळेच होते."

पाणी गाडीच्या काचांपर्यंत आलं. दिवे थोडा वेळ पाण्याखालून दिसत राहिले आणि मग गेले. मचाणावर दोन ठिपके होते, एक मोठा आणि एक त्याला चिकटलेला. आजचं पाणी मचाणाच्या फळ्यांना लागणार नाही, हातभर खालीच राहील, हे गुल्वेनला पक्कं माहीत होतं. पाणी केव्हा थांबेल, केव्हा वळेल, उद्या किती येईल, पुढच्या वर्षी याच सुमाराला किती येईल, सगळं माहीत होतं. त्याचा कुणाला काही उपयोग नव्हता. वादळ असतं तर शिव्या घालता आल्या असत्या. धुकं असतं तर त्याच्यावर ढकलता आलं असतं. आभाळ स्वच्छ होतं, वारा बेताचा होता. वर सूर्य होता आणि पायांखाली, पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला, चंद्र. दोघंही ठरल्या जागी होते. एवढ्या मोठ्या कारभारात फक्त एक माणूस चुकला होता, आणि तो कोण, हे त्या माणसाला सांगता येत नव्हतं. त्याला रडू आलं. सोआझिगने समुद्राकडे बघण्याचं निमित्त करून त्याला रडू दिलं.

बोट आली तेव्हा समुद्र पुरता भरला होता आणि वाट कुठून जाते हे खांबांवरूनच कळत होतं. नारिंगी जाकिटातल्या माणसांनी आधी लेनाइगला उतरवून घेतलं, मग एनोराला. धक्क्याला लागल्यावर लेनाइगचे दात वाजत होते. गुल्वेनने आपला कोट काढून तिला गुंडाळलं. कोट तिच्या टाचांपर्यंत आला.

"आजोबा, गाडी पूर्ण बुडाली," ती म्हणाली. घाबरण्याची वेळ निघून गेली होती, आता तिला त्याचं अप्रूप वाटत होतं. "आरसापण."

त्याने एनोराकडे पाहिलं. तिच्या तोंडून आता काय येणार, ते त्याला ठाऊक होतं. ही मुलगी आईवर गेलेली. पायरीवर ठेचकाळली तरी पायरी बांधणाऱ्याचा उद्धार करणारी. त्याने मान खाली घालून वाट पाहिली.

"माझीच चूक झाली, बाबा," एनोरा म्हणाली. "तू दोन सांगितलंस. मला वाटलं, तू नेहमीसारखी जुनी वेळ सांगतोयस, म्हणून मी त्यात एक तास मिळवला. विचारायला हवं होतं मी."

गुल्वेनच्या छातीवरचा दगड उतरला. म्हणजे तो दोन म्हणाला होता. अर्थातच दोन म्हणाला होता. सोआझिगने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि बारमध्ये जाऊन एक बाटली घेऊन आली.

घरी त्याने शेकायला चूल पेटवली. सोआझिगने गरम सूप पाठवलं होतं. एनोराने कुट्टूच्या पिठाची घावनं घातली, वर खारं लोणी. लेनाइग त्याच्या स्वेटरमध्ये बुडून खात होती. एनोरा गॅस बंद करून परत एकदा तपासून आली, पण त्यावरून काही बोलली नाही. गाडीबद्दल बोलली नाही. सिंकमधल्या खरकट्या भांड्यांबद्दल बोलली नाही. त्याच्या ताटात तिने घावन वाढलं आणि विचारलं, "अजून थोडं लोणी देऊ, बाबा?"

गुल्वेनने मान वर केली. या आवाजात ती लेनाइगशी बोलायची, ताप आला की.

"मग मी दोनच म्हणालो होतो," तो म्हणाला.

"दोनच. सांगितलं ना मी."

लेनाइगने घास तोंडाशी थांबवून आईकडे पाहिलं. मग आजोबांकडे. मग ती घावनाच्या कडा मोडून सुपात टाकू लागली, एकेक, अगदी मन लावून.

एनोरा तव्याकडे वळली होती. धक्क्यावर तिने ते वाक्य कसं म्हटलं होतं, ते गुल्वेनला आता नीट ऐकू आलं. कुणी विचारायच्या आधी. एका दमात, कुठे न अडखळता. आयुष्यात एकदाही माझं चुकलं न म्हणालेली ही पोरगी, त्या फळ्यांवर बसून, लेकीला पोटाशी धरून, हे वाक्य घोकत होती. खाली तिची गाडी बुडत होती.

त्याला काहीतरी म्हणायचं होतं. तोंडात घास होता, तो त्याने गिळला.

"तुला किती वेळा सांगितलंय," तो म्हणाला, आणि शक्य तितका आवाज चढवला. "पाण्याच्या बाबतीत आपलं डोकं चालवायचं नाही. मी दोन म्हटलं की दोन. शहरात राहून अक्कल गहाण टाकलीस."

"हो, बाबा."

"हो बाबा काय. पोरीला घेऊन निघाली होतीस."

"चुकलंच माझं," एनोरा म्हणाली. तिची पाठ त्याच्याकडे होती आणि उलथनं हातात तसंच होतं.

त्याने दोन्ही हात टेबलावर ठेवले. आरशासमोर तयार केलेलं वाक्य त्याला शब्दन् शब्द आठवत होतं. ते तिथेच राहू देऊन त्याने विचारलं,

"ती तुझी मागची खोली. तिला खिडकी कुठल्या बाजूला आहे?"

उलथनं तव्यावर टेकलं. एनोरा त्याच्याकडे वळली.

"पूर्वेला."

"पण समोर मोठी इमारत आहे," लेनाइग म्हणाली. "चंद्र खूप वर आला की मगच दिसतो, आजोबा."

"येतो ना वर?"

"येतो."

"मग झालं तर," गुल्वेन म्हणाला, आणि ताट पुढे केलं. "वाढ एक."