चिमूटभर लोकर

"हा पेटतो का हो?" असं गिऱ्हाईकानं विचारलं, की गालिचेवाला प्लॅस्टिकच्या धाग्याच्या गालिच्यातून चिमूटभर धागे उपटल्यासारखं करायचा आणि त्यांना काडी लावायचा. धागे जरा चुरचुरायचे नि आपोआप विझायचे. गिऱ्हाईक खूश. आता ते धागे खऱ्या लोकरीचे, आधीच बोटांत लपवलेले, हे कोण सांगणार? लबाडीच ती, दुसरं काय. पण हात बसला होता.

एकदा भर गर्दीत त्याची धाकटी बहीण आली. तिचं पोर रांगायला लागलं होतं, गार फरशीवर अंथरायला काहीतरी हवं होतं. तिनंही तेच विचारलं. चार गिऱ्हाइकांसमोर खरं कसं बोलणार? हातानं नेहमीचं काम केलं. गालिचा तिच्या घरी गेला आणि याच्या जिवाला घोर लागला. जेवताना घास उतरेना.

शेवटी सुट्टीच्या दिवशी तो एक खऱ्या लोकरीचा गालिचा खांद्यावर टाकून तिच्याकडे गेला. शेजारच्या काकू आल्या होत्या. गालिच्यावर पोर खेळत होतं आणि पलीकडे, गालिच्यावरच, हीटर लालबुंद तापला होता.

"त्या गालिच्याचा रंग जातो गं," तो म्हणाला. "हा घे बदलून. आणि आधी तो हीटर उचल."

"तूच तर दाखवलंस ना दादा, पेटत नाही म्हणून." ती हसली. "या काकूंनाही पटत नाहीये. थांबा काकू, दाखवतेच."

त्याला तोंड उघडायलाही सवड मिळाली नाही. तिनं कोपऱ्याला काडी टेकवली. ज्योत विझली नाही, काळा धूर सोडत पोराच्या दिशेनं सरकू लागली. त्यानं झेप घेऊन तळहात दाबला. आग विझली, पण वितळलेला धागा कातडीला चिकटून बसला.

बहिणीनं पोराला उचललं आणि भावाला ओढत नळाखाली नेलं.

"दुकानात काय जाळलं होतंस?"

"लोकर."

"माझ्यासमोरसुद्धा?"

त्यानं मान हलवली. आता शिव्या देईल तर बरं, असं त्याला वाटलं.

"आणि बाकीच्यांच्या घरी पोरं नाहीत?" तिनं हळूच विचारलं.

त्याचा हात तिनं पाण्याखालून सोडला नाही. पोराला मात्र दुसऱ्या कडेवर घेतलं, त्याच्यापासून लांबच्या.