माझा तुटलेला पहिला मीटर

मी टेप बोलतेय. गाण्यांची नव्हे, विहिरीतलं पाणी मोजायची. पिवळी, फायबरची, टोकाला शिशाचं वजन. कालपासून मला असा धक्का बसलाय की डबीत गुंडाळून राहणंसुद्धा जमत नाहीये.

कारखान्यात माझ्यावर तीस मीटरचे आकडे छापले गेले आणि मी थेट या जलसंधारण संस्थेत आले. संस्था म्हणजे तीन खोल्या, एक जीप आणि बाई. बाईंनीच ती काढली. गावोगाव बंधारे घातले, ओढे अडवले, आणि दर महिन्याला बावीस विहिरी मोजल्या. मोजायचं काम त्या कुणाला करू देत नसत. मला काठावरून सोडायचं, वजन पाण्याला टेकलं की पाणी किती खोल आहे तो आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. कुणी हात पुढे केला की म्हणायच्या, "राहू दे, तुला नाही जमायचं." मला तेव्हा त्याचा भारी अभिमान वाटायचा.

नऊ वर्षांपूर्वी एका विहिरीत मी पंपाच्या पाइपाला अडकले आणि माझा पहिला मीटर तुटून तळाला गेला. आता माझी रवानगी भंगारात, असंच मला वाटलं. पण बाईंनी उरलेल्या टोकाला वजन बांधलं, गाठीवर काळी चिकटपट्टी गुंडाळली, तिच्याखाली माझा एकचा आकडा झाकला गेला, आणि स्वतःशीच म्हणाल्या, "नवी कशाला? आलेल्या आकड्यातून एक वजा केला की झालं." तेव्हापासून त्या मनातल्या मनात एक वजा करत आल्या. कुठे लिहिलं नाही, कुणाला सांगितलं नाही. लबाडी नव्हती हो त्यात. दुसरं कुणी मला हात लावेल, हेच त्यांच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

गेल्या महिन्यात वार्षिक सभा झाली. बाई अहवाल वाचून खाली बसतात न बसतात तोच अध्यक्ष, म्हणजे ते निवृत्त डॉक्टर, उठले. "बाई, पुष्कळ केलंत. आता विश्रांती घ्या. आजपासून संस्था ही बघेल." ही म्हणजे बाईंनीच हाताखाली घेतलेली मुलगी, जिला त्या 'पोरी' म्हणतात. बाईंच्या हातातला चष्मा हातातच राहिला. पोरीचा चेहरा पांढराफटक. "मला कुणी विचारलंसुद्धा नाही," ती पुटपुटली. टाळ्या वाजल्या, त्याही चाचरत. बाईंनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या, मला ठेवलं आणि निघाल्या. माझ्याबद्दल एक शब्द नाही! धक्क्यात विसरल्या असतील, अशी मी स्वतःची समजूत घातली.

मग पोरीनं मला पहिल्यांदा हातात घेतलं. बावीस विहिरी, आणि प्रत्येकीत पाणी महिन्याभरात एकदम खाली. कुठे सव्वा मीटर, कुठे दीड. मी जीव तोडून ओरडत होते, "अगं, एक वजा कर!" पण टेपचं ऐकतंय कोण? एका विहिरीवरचे पंपवाले काका म्हणाले, "ताई, मला तर पाणी जवळपास तेवढंच दिसतंय."

"काका, डोळा फसतो. बाईंनी शिकवलंय, आकड्यावर जायचं," ती म्हणाली, आणि पिण्याला पाणी उरावं म्हणून तिनं शेतीचे सगळे पंप बंद करायला लावले.

पंधरा दिवसांत उभी पिकं माना टाकू लागली. लोक संस्थेच्या दारात जमले. "बाई गेल्या आणि पाणीही घेऊन गेल्या," जो तो हेच म्हणायला लागला. अध्यक्षांनी तातडीची सभा बोलावली.

काल दुपारी पोरगी मला आणि वहीला घेऊन बाईंच्या घरी गेली. मला वाटलं, सुटले एकदाची!

"बाई, माझं काय चुकतंय?" तिनं वही पुढे केली. "तुम्ही सांगाल तसं करते. नाहीतर उद्या सभेत राजीनामा देते."

बाईंनी वही पाहिली. मागचं पान पाहिलं, पुन्हा पुढचं पाहिलं. मग मला उचललं. त्यांचा अंगठा सरकत सरकत चिकटपट्टीवर आला आणि थांबला. त्यांना कळलं. शपथेवर सांगते, त्यांना कळलं. तो अंगठा मी चांगला ओळखते.

"पाणी आहे ते, पोरी," बाई शांतपणे म्हणाल्या. "कुणाच्या हाताला यायचं, ते त्याचं तेच ठरवतं. चहा घेतेस?"

आणि मला डबीत घातलं.

मला हातपाय नाहीत, नाहीतर तेही गळाले असते. ज्या बाई एकेका बंधाऱ्यासाठी उन्हातान्हात वणवण फिरल्या, त्या शेतं वाळू देतील? आपल्याच पोरीला अशी बुडू देतील? अजून माझा विश्वास बसत नाही. मला त्यांचा राग येतो आणि त्यांच्या हाताची आठवणही येते.

आत्ता मी संस्थेच्या टेबलावर आहे, राजीनाम्याचा कागद उडू नये म्हणून त्याच्यावर ठेवलेली. बाहेर खुर्च्या सरकल्याचा आवाज येतोय. बाई आल्यात, पहिल्या रांगेत बसल्यात. पोरगी तोंड धुऊन येते म्हणून गेलीय, ती आली की कागद उचलेल. तुम्हाला आता सगळं ठाऊक आहे. तेव्हा नुसतं वाचत बसू नका, या आत, आणि त्या चिकटपट्टीचं टोक सोडवा. एका नखाचं काम आहे.