लोखंडी मोजा नव्हे

पोमेरानियातल्या स्वीडिश छावणीतून पळालेल्या तोर्केल शिपायाला पकडून आणलं, तेव्हा बर्फ पडत होतं. समुद्रापलीकडे स्वीडनला घरी जायला होडी शोधत तो किनाऱ्यावर फिरत होता. पळून गेल्याची शिक्षा कॅप्टनने एका शब्दात सुनावली, “गाटलोप.”

त्याच तुकडीत त्याचा मोठा भाऊ हॉकन होता. त्याच्याजवळ जाइल्स नावाचा भाडोत्री इंग्रज शिपाई येऊन बसला. त्याला स्वीडिश जेमतेम कळायचं.

“कशाला तोंड पाडून बसलास? गाँटलेटच घालणार ना त्याला? माझा बाप तेच बनवायचा. चिलखताचा लोखंडी हातमोजा. जड असतो, बोटं सोलवटतात, पण त्यानं मरत नाही कुणी. आमच्याकडे तो समोर फेकला की लढायचं आव्हान. त्याला कुणाशी लढवणार आहेत का?”

“मोजा नाही रे,” हॉकन म्हणाला. “गाटा म्हणजे गल्ली. लोप म्हणजे धावणं. आपणच दोन रांगा करून उभं राहायचं, हातात बर्चच्या छड्या घेऊन. त्याला मधून न्यायचं. प्रत्येकानं मारायचं.”

“प्रत्येकानं?”

“तूसुद्धा. मीसुद्धा.”



हॉकनने कॅप्टनला विनवलं, मला तेवढं रांगेतून वगळा. कॅप्टन म्हणाला, “तू भाऊ आहेस म्हणूनच सगळे तुझ्या हाताकडे बघतील.”

सकाळी तोर्केलला कमरेपर्यंत उघडा करून आणलं. धावायचं नुसतं नावाला होतं. त्याच्या छातीला भाल्याचं टोक लावून एक शिपाई उलट्या पावलांनी पुढे चालत होता. तोर्केल हॉकनसमोर आला, तेव्हा त्याची पाठ फाटलेली होती. हॉकनने छडी उचलली आणि नुसती टेकवली.

“हा मारतोय की गोंजारतोय?” सार्जंट म्हणाला. “न्या परत. पहिल्यापासून.”

दुसऱ्या फेरीत तोर्केल पाय ओढत चालत होता. हॉकनपाशी आल्यावर तो हळूच म्हणाला, “मार ना दादा. नाहीतर पुन्हा फिरवतील.”

हॉकनने मारलं. जोर लावून मारलं. सार्जंटने मान डोलावली.

संध्याकाळपर्यंत तोर्केलला ताप चढला. एकदा त्याने होडी आली का म्हणून विचारलं. हॉकन “आली” म्हणाला. उजाडायच्या आत तोर्केल गेला.

पुढेही जाइल्सच्या जिभेवर मोज्याचाच शब्द राहिला; त्याच्या तोंडून ऐकून छावणीतले इंग्रज त्या शिक्षेला गाँटलेटच म्हणू लागले. हॉकनच्या देखत म्हणायचे. त्यांना गल्ली दिसायची नाही, माणसं दिसायची नाहीत, फक्त मोजा. हॉकनने कधी कुणाची चूक दाखवली नाही.

तोर्केल गेला त्या सकाळी त्याला पुरायला निघाले, तर जमीन दगडासारखी गोठलेली. हॉकन आणि जाइल्स आळीपाळीने कुऱ्हाड चालवत होते. खड्डा गुडघ्याएवढाही झाला नाही, तोच कूच करायचा ढोल वाजला.

“एवढ्याशा खड्ड्यातून कोल्हे उकरून काढतील,” जाइल्स म्हणाला.

“माहीत आहे,” हॉकन म्हणाला आणि खड्ड्यात उतरवायला त्याने भावाचे पाय धरले.