बाबांच्या गाडीचा कॅम

वडिलांच्या जुन्या स्पोर्ट्स गाडीला इंजिनात हवा दाबून भरणारा सुपरचार्जर बसवायचं खूळ मिस्त्रीच्या डोक्यात शिरलं, तेव्हाच आईनं बजावलं होतं, "बसव खुशाल. पण मग कॅम बदलावा लागेल, हे आत्ताच ऐकून ठेव."

मिस्त्रीनं या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं. चाळिशीचा माणूस, स्वतःचं गॅरेज, भलीभली इंजिनं हाताखालून गेलेली. आईनं काही सांगितलं की मात्र हा पुन्हा बारा वर्षांचा हट्टी पोरगा.

आता म्हातारीला कॅममधलं काय कळतंय, असं कोणाच्या मनात आलं असेल तर त्यानं ते मनातच ठेवावं. बाईनं एकतीस वर्षं इंजिनाच्या कारखान्यात कॅम घासले होते. कॅम म्हणजे हातभर लांबीचा लोखंडी दांडा, त्यावर अंड्याच्या आकाराचे आठ उंचवटे. दांडा फिरला की हे उंचवटे व्हॉल्व्ह उघडतात. चार हवा आत घेणारे, चार धूर बाहेर सोडणारे. ते वळण केसभर चुकलं तरी इंजिनाचा स्वभावच बदलतो. कारखाना बंद पडला तेव्हा बाकीच्यांनी निरोपाची घड्याळं घरी नेली. हिनं भंगारात निघालेलं कॅम घासायचं मशीन ट्रकात घालून आणलं आणि गॅरेजच्या मागच्या खोलीत मांडलं.

बाबांच्या गाडीतला कॅमही तिच्याच हातचा. त्या कॅमचा आवाज म्हणजे काय सांगावं! गाडी जागेवर उभी असली की इंजिन एकसारखं चालायचंच नाही. धड-धड, मग श्वास अडकल्यासारखं थांबायचं, पुन्हा धड-धड-धड. मिस्त्री नऊ वर्षांचा असताना बाबा गेले. त्याआधी रोज संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी तो आवाज आला, की हा हातातलं ताट तसंच टाकून दाराकडे पळायचा.

सुपरचार्जर बसला, गाडी सुरू झाली आणि आवाज तोच! शेजारचा शिंपी कात्री हातात घेऊनच बाहेर आला. "अरे, तुझे बाबा आले की काय!" म्हणाला. मिस्त्रीची छाती दोन इंच फुगली.

मग गाडी रस्त्यावर काढली आणि फुगलेली छाती जागच्या जागी बसली. सुपरचार्जर शिट्टी मारत होता, पट्टा फिरत होता, पण हवेच्या दाबाचा काटा अर्ध्यावर जाऊन अडून बसला. मिस्त्रीनं तीन दिवस पाइप तपासले, पट्टा बदलला, नटबोल्टांना शिव्या घातल्या. चौथ्या दिवशी आई चहाचा कप बॉनेटवर ठेवून म्हणाली, "घराचं पुढचं दार उघडं, मागचंही उघडं. आत कितीही वारा सोड, घरात थांबेल का?"

"म्हणजे?"

"म्हणजे या कॅममध्ये आत घेणारा व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा बाहेर सोडणारा अजून मिटलेला नसतो. तू दाबून भरलेली हवा तशीच धुराच्या नळीतून पळून जाते. साध्या इंजिनात खपून गेलं. सुपरचार्जरला नाही चालायचं."

मिस्त्रीला हे कळत नव्हतं असं नाही. कळून घ्यायचं नव्हतं. त्यानं कॅटलॉगांचा ढीग उपसला, दहा ठिकाणी फोन लावले. सुपरचार्जरसाठी कॅम हवे तेवढे होते, पण या इंजिनाचा एकही नाही. इंजिन बनवणारी कंपनीच कधीची बुडालेली, आणि गाडीचा मूळचा कॅम झिजून भंगारात गेलेला. राहता राहिला हा एकच दांडा.

"हाच घासायचा," आई म्हणाली. "आत घेणारे चार उंचवटे सहा डिग्री मागे सरकवायचे. थोडे बारीक होतील, व्हॉल्व्ह ढकलणारे टॅपेट तेवढे जुळवून घे."

"सहाच कशावरून? पाच का नाही?"

"सहा. मला माहीत आहे."

"आई, तुला धड वर्तमानपत्र दिसत नाही. आणि एकदा घासलं की घासलं, परत काही चिकटवता येणार नाही."

"वर्तमानपत्र डोळ्यांनी वाचतात. कॅम नाही वाचत."

मिस्त्रीनं हातातला पाना उलटासुलटा फिरवला. मग एकदम बोलून गेला, "तो आवाज जाईल गं. बाबांचा चेहरा मला फोटो बघितल्याशिवाय आठवत नाही. आवाज तेवढा आठवतो."

हे त्यानं आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. आईनं त्याच्या हातातला पाना काढून घेतला. "मग ठरव. गाडी नुसती उभी ठेवून ऐकायची असेल तर मी हात लावत नाही. माझा काही हट्ट नाही."

पण गाडी ऐकायला बनवली नव्हती ना! गावाबाहेरच्या डोंगरावर एक चढाचा रस्ता होता. लहानपणी सुटीच्या दिवशी बाबा दोघांना घेऊन तिथं जायचे. दोनच सीट, म्हणून हा आईच्या मांडीवर. दर वेळी अर्ध्या चढावर बाबा गाडी थांबवायचे आणि म्हणायचे, "नजारा बघू या जरा." एकदा तरी तो चढ आईला एका दमात चढवून न्यायचा, एवढ्यासाठी तर मिस्त्रीनं वर्षभर सुपरचार्जरचा खटाटोप केला होता.

"घास," तो म्हणाला.

"आधी पोटभर ऐकून घे," आई म्हणाली.

मग त्यांनी गाडी अंगणात आणली, सुरू केली आणि दोघं समोर दोन स्टुलं टाकून बसली. मिस्त्रीनं आवाज फोनवर घेतला, वाजवून बघितला, तर पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा. फोन खिशात टाकला आणि नुसता ऐकत राहिला. टाकीतलं पेट्रोल संपेपर्यंत कोणी उठलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं मशीन सुरू केलं. मिस्त्री डिग्रीच्या चकतीवरचे आकडे वाचायला बाजूला उभा. डोळे त्याचे, हात तिचे. मशीनचा फिरता दगड लोखंडाला टेकला, ठिणग्या उडाल्या आणि आईनं सरळ डोळेच मिटून घेतले.

"आई!"

"गप. ऐकू दे."

दगडाचा आवाज किंचित चढला की ती हात मागे घेई, किंचित उतरला की पुढे सारी. मिस्त्रीला दोन्ही आवाज सारखेच वाटत होते. मधेच मशीन थांबवून तिनं अंगठ्याचं नख उंचवट्यावरून फिरवलं. "अजून कणभर."

त्यानं मापाचं घड्याळ लावलं. मिलिमीटरचा शंभरावा भाग शिल्लक! त्यानं काच पुसली, पुन्हा लावलं. तेवढाच. ज्या हातांनी त्याला भरवलं, शाळेच्या शर्टाची बटणं लावली, ते हात हे करत होते आणि त्याला आजवर पत्ता नव्हता. पुढच्या तिन्ही उंचवट्यांना तेच झालं. नख आधी सांगायचं, घड्याळ मागाहून मान डोलवायचं. चौथ्यानंतर त्यानं घड्याळ गुपचूप डबीत ठेवून दिलं.

कॅम बसला, टॅपेट जुळले. गाडी सुरू केली, तर इंजिन शहाण्या मुलासारखं एका लयीत चालू लागलं. शिंपी डोकावला नाही. मिस्त्रीनं बॉनेट लावून टाकलं.

रविवारी सकाळी आईला शेजारी बसवून तो चढाला लागला. पाय दाबला मात्र, हवेचा काटा सरळ टोकाला गेला आणि दोघांची पाठ सीटला चिकटली. "अगं बाई!" आई ओरडली आणि लहान मुलीसारखी हसली. वळणामागून वळण येत होतं आणि रस्ता जणू गाडीच्या पोटाखाली ओढला जात होता. हे इंजिन तेच, ही गाडी तीच! मिस्त्रीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"थांब," आई एकदम म्हणाली. "इथंच."

अर्धा चढ. बाबांची थांबायची जागा. "आई, गाडी दमलेली नाही."

"थांब म्हणते ना."

त्यानं गाडी कडेला घेतली. इंजिन एका लयीत चालत राहिलं.

"तो कॅम घासला तेव्हा तू दहा दिवसांचा होतास," आई म्हणाली. "दहा रात्री झोप नव्हती मला. चकतीची एक खाच चुकीची मोजली. एक खाच म्हणजे सहा डिग्री. इंजिन सुरू झालं, अडखळायला लागलं आणि मी रडायलाच लागले. तर हे म्हणाले, असा आवाज दुसऱ्या कोणाच्या गाडीला आहे का? दर वर्षी मी म्हणायचे, काढा तो कॅम, नीट करून देते. हे किल्ली लपवून ठेवायचे. त्या चुकीपायी चढावर दम लागायचा गाडीला. पण एकदाही, कोणाहीसमोर, गाडी दमली म्हणाले नाहीत. नजारा बघू या, म्हणायचे. नऊ वर्षं माझी चूक गल्लीभर मिरवली त्या माणसानं."

मिस्त्रीनं किल्लीकडे हात नेला.

"बंद करू नकोस," आई म्हणाली. तिनं काच खाली केली आणि दरीकडे तोंड करून डोळे बारीक केले. "इतक्यांदा इथं थांबलो, पण मी कधी बाहेर बघितलंच नाही. गाडी पुन्हा चालू होईल ना, याच काळजीत असायचे. खाली काय दिसतंय, सांग मला नीट."

मिस्त्री तिच्या खिडकीकडे वाकला आणि सांगू लागला.