मखरातले मासे

मखर बांधावं तर मी. चाळ पाडून हा टॉवर झाला त्याच्या आधी, गौरी-गणपतीच्या सजावटीत तीन वर्षं पहिला नंबर माझा. शाळा तिसरीपर्यंतच झाली, पण डावं-उजवं सारखं आहे की नाही हे मला दोरी न लावता कळतं. तीस वर्षं हिंदमाताच्या दुकानांच्या साड्यांना फॉल लावतेय, वाकडा गेला म्हणून एक साडी परत आलेली नाही. तेव्हा माशांच्या पेटीत मी हात घातला तो काही उगाच नाही.

पेटी माझ्या सुनेची. पद्मजा दादरची. फेब्रुवारीत लग्न होऊन लालबागला आली ती टॅक्सीत मांडीवर काचेची पेटी आणि हातात माशांची पिशवी घेऊन. पेटी दोन फूट लांब, आत पाण्यातली झाडं आणि बोटाच्या पेराएवढे दहा-बारा मासे. टेट्रा म्हणे. अंगावर निळी रेघ, शेपटीकडे लाल. मी म्हटलं, "एवढ्यात एका माणसाचं कालवण व्हायचं नाही गो." माझा मुलगा माधव हसला. ती हसली नाही. मग जरा वेळानं हसली.

मांडणी तिची अशी, की सगळी झाडं एका बाजूला, त्यात एक लाकूड पडल्यासारखं तिरकं, आणि बाकी अर्धी पेटी नुसती वाळू. घर लावता लावता कुणी मध्येच उठून गेल्यासारखं. आमची खोली एक आणि स्वयंपाकघर. दारातून आत आलं की समोर पेटीच. आल्या-गेल्यानं काय म्हणावं?

मे महिन्यात ती ऑफिसच्या कामाला दोन दिवस पुण्याला गेली. मी पदर खोचला.

लाकूड उचलून बरोबर मध्ये उभं केलं, आसनासारखं. त्याला दोऱ्यानं बांधलेलं रुंद पानांचं रोप सोडवून नीट वाळूत पुरलं. झाड काय लाकडावर लावतात? लांब पात्यांचं गवत निम्मं डावीकडे, निम्मं उजवीकडे, केळीच्या खांबांसारखं. पुढे पांढऱ्या खड्यांची रांग. शेजारची राधा दारातच थांबली. "अगो बाय, नुसती मूर्ती बसवायची राहिली!"

पद्मजा परत आली, खांद्यावरची बॅगसुद्धा न उतरवता पेटीसमोर उभी राहिली.

"आई, तुम्ही केलंत?"

"मग काय माशांनी?"

"छान. स्वच्छ दिसतंय," म्हणाली, आणि हात धुवायला गेली.

भांडली असती तर बरं. भांडणाऱ्या सुनेला माझ्याकडे उत्तर तयार असतं. गप्प बसणारीचं काय करायचं?

मासे मात्र दिसेनात. सगळे पाणी गाळणाऱ्या मशीनच्या मागे, काचेला चिकटून. दाणे टाकले तरी वर येईनात, दाणे वाळूवर पडून फुगले. पुरलेल्या रोपाचं खोड मऊ पडायला लागलं. राधा विचारते, "मासे विकलेस काय?"

पद्मजा आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम करते. दाराबाहेर लिफ्टजवळ प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसते, लॅपटॉप मांडीवर. पाचव्या दिवशी मी मिरच्या आणायला निघाले तर ती फोनवर तिच्या आईशी बोलत होती. "शनिवारी घेऊन येते परत दादरला. इथे जागाच नाही गं. लपायला एक कोपरा नको का?"

मिरच्या राहिल्या. मी आत येऊन बसले. पेटीबद्दल बोलत होती की स्वतःबद्दल? दोन्ही वाईटच. तीन महिन्यांची सून सामान माहेरी न्यायला लागली, की आज पेटी जाते, उद्या कपडे. आणि पोरगी मला आवडत होती. आता लिहितेच आहे तर लिहून टाकते.

माफी मागायला मला येत नाही. चौथीत शिकवत असतील.

संध्याकाळी काळा दोरा आणि कात्री घेऊन मी पेटीपाशी बसले. "पद्मजा, ये इकडे. तुझं ते रोप मऊ पडलंय. दादरचे लाड असणार, मातीत जगत नाही."

"मातीत पुरलं की ते कुजतं, आई. लाकडालाच बांधायचं असतं."

"मग सांगायचं नाही?"

"तुम्हाला?"

हे बघा, तोंड आहे तिला. मला बरं वाटलं.

तिनं मऊ भाग कापला, मी रोप लाकडाला बांधलं. दोरा सुतीच हवा म्हणाली. तो कुजेपर्यंत मुळं आपणहून लाकूड धरतात. माझी गाठ तिनं डोळ्याजवळ नेऊन बघितली. "दिसतच नाहीये!"

"मग तीस वर्षं काय गोट्या खेळले?"

लाकूड मी परत मध्ये न्यायला लागले, तर तिनं पाण्यातच माझं मनगट धरलं. "मध्ये नको. मनात तीन भाग करा. एक इकडे, दोन तिकडे. त्या रेघेवर, तिरकं."

"पडल्यासारखं दिसतं."

"ओढ्यात पडलेलंच असतं ना."

उंच गवत मागे गेलं. लाकडाखाली सावली झाली. पुढे मोकळी वाळू.

"आणि ही अर्धी पेटी वाया?"

"ती फिरायला. पण मागे आडोसा आहे हे कळलं तरच फिरतात. आडोसा नसेल तर पुढे येतच नाहीत बिचारे."

माझा हात पाण्यातच राहिला. मी लग्न होऊन आले तेव्हा दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सात माणसं. मोरीपाशी मी दोरीला एक गुलाबी साडी बांधली होती, कपडे बदलण्यापुरती. सासूनं ओढून काढली. "घरातल्या घरात पडदा कसला? नाटक आहे काय?" त्या साडीची पायपुसणी झाली. मी महिनाभर जिन्यात बसून जेवले.

"ते पांढरे खडे काढ," मी पद्मजाला म्हटलं. "तुळशीत टाकते."

दुसऱ्या दिवशी सकाळी लाकडाखालून दोन मासे बाहेर आले. मग चार. मग सगळेच, वाळूवरून झुंडीनं गेले आणि परत आले. पद्मजा बघत उभी राहिली, हातातला चहा निवला.

शनिवारी माधव घरी होता. "माधव, कपाट धर. भिंतीपासून सोडव आणि आडवं लाव."

"कुठे? मध्ये?"

"मध्ये कशाला मेल्या, मखर आहे काय? मनात तीन भाग कर!"

खिडकीकडचा तिसरा हिस्सा कपाटामागे गेला. माझी शिलाई मशीन स्वयंपाकघरात नेली आणि पद्मजाच्या कामासाठी तिथे खिडकीशी टेबल लावलं.

"आई, हे कशाला?" पद्मजानं विचारलं.

"स्टूल मला लागतं. लोणच्याची बरणी वर आहे, आणि तू स्टूल घेऊन लिफ्टपाशी बसतेस."

तिनं स्टूल आणून माझ्यापुढे ठेवलं आणि लॅपटॉप टेबलावर मांडला. शनिवार गेला, दादरला कुणी गेलं नाही.

सोमवारी राधा आली. "अगो, मखर मोडलंस?"

"मखर पाच दिवसांचं असतं. हे राहायचं घर आहे."

"पण बरं दिसतंय. कुणी मांडलं?"

"मी."

कपाटामागून खाकरल्याचा आवाज आला.

"आणि हिनं," मी म्हटलं.

"हिनं म्हणजे कुणी?" राधा मान वळवून खोलीभर बघायला लागली. "मला तर कुणीच दिसत नाही."

"दिसायला नकोच," मी म्हटलं. "तू बस. चहा टाकते."