पाटीवरचे दोन आणि एक

मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. माझ्यावर दोन आणि एक असे दोनच आकडे रंगवलेले आहेत. गणिताच्या बाईंचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. उरलेल्या पत्र्यातून त्यांनी मला कापलं आणि लेकीचा हात कापू नये म्हणून कडा घासून दिल्या. तेव्हापासून मी फळ्याशेजारी खिळ्याला लटकते आहे.

मित्रांनो, माझं काम दिसतं तितकं सोपं नाही. बाई माझ्या वर एक लाकडी ठोकळा अडकवतात. तो पाया सांगतो, म्हणजे डावीकडचा आकडा कितीचे गट मोजतो ते. ठोकळा दहाचा असला, की मी दोन दहा आणि एक, म्हणजे एकवीस. तीन साती एकवीस, म्हणून संयुक्त संख्या. ठोकळा आठाचा असला, की मी दोन आठ आणि एक, म्हणजे सतरा. सतराचे सारखे गट काही केल्या पडत नाहीत, म्हणून मूळ संख्या. पाचाच्या पायावर अकरा, तरी मूळच. साताच्या पायावर पंधरा, की पुन्हा संयुक्त. दिवसभर नुसतं तुटायचं आणि सांधायचं. पूर्वी मुलं टाळ्या वाजवायची. आता माझा रंग उडालाय आणि खरं सांगते, जीव विटलाय.

त्या दिवशी बाईही दमल्या होत्या. घरी वडिलांचं आजारपण होतं. आधीच्या वर्गाचा आठाचा ठोकळा बदलायचा राहून गेला. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "ही मूळ की संयुक्त?"

मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. ती कधीच बोलत नसे, म्हणून वर्ग तिला 'गुपचूप' म्हणायचा.

"मूळ, बाई."

"अगं, तीन साती किती? बस खाली."

वर्ग फिदीफिदी हसला. ती बसली. मला फार वाईट वाटलं, पण पत्र्याला कुठलं तोंड?

तास संपल्यावर बाईंची नजर ठोकळ्यावर गेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "काल हिचं बरोबर होतं. ठोकळा आठाचा होता. चुकलं माझं." मग तिला विचारलं, "तू तेव्हाच का नाही गं सांगितलंस?"

"तुम्ही बस म्हणालात, बाई."

मित्रांनो, मला नवा रंग नको. कुणाचं उत्तर चुकलंय असं वाटलं, तर त्याला खाली बसवण्याआधी "ते कसं?" एवढं विचारत जा. बाई आता दर वेळी विचारतात. ती मुलगी मात्र अजून उभी राहिलेली नाही.